एवढीशीच हवा

मशीन घरात आलं तेव्हा मला वाटलं, कुणीतरी वॉशिंग मशीनचं पोर आणून ठेवलंय. गुडघ्याच्या वर येणारं, खाली चाकं, मागे काळी वायर. बटण दाबलं की घरघर सुरू व्हायची आणि घरात एकाचं बोलणं दुसऱ्याला ऐकू जायचं नाही. पुढच्या बाजूला एक उभी काचेची नळी, तिच्यावर आकड्यांच्या रेघा आणि आत हरभऱ्याएवढी एक गोळी. खालची चावी फिरवली की गोळी वर चढायची. मशीन बसवायला आलेल्या भाऊंनी ती गोळी एकच्या रेघेवर आणून थांबवली आणि माझ्या नाकात नळी अडकवली.

मी म्हटलं, “एवढं मोठं धूड, आणि हवा एवढीशीच?”

“एवढीशीच, मावशी,” भाऊ म्हणाले. “तुम्हाला एवढीच पायजे.”

मला राग आला. हसू नका, खरंच आला. माझा सगळा जन्म वाढण्यात गेलेला. कोल्हापुरात राजारामपुरीत मी क्लासच्या पोरांची खाणावळ चालवली. कुठल्या कुठल्या खेड्यांतून आलेली ती पोरं, टक्के आणि मार्क यांपलीकडे त्यांना जग नाही. जेवायला बसली की मान खाली. नको म्हणणाऱ्याच्या ताटात जे पडतं तेच खरं वाढणं, असं माझ्या सासूबाईंचं मत होतं आणि ते मी इमानेइतबारे पाळलं. पोरगं ताटावर आडवा हात धरायचं, मी बोटांच्या फटीतून रस्सा सोडायची. माझ्या घरात कुणी मोजून वाढलेलं मला खपत नसे. आणि आता मलाच कुणीतरी चमच्यानं हवा वाढत होतं.

ती पहिली वर्षं भुशाच्या शेगडीवर गेली. डब्यात लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मधलं नळकांडं हळूच काढून घ्यायचं आणि खालून पेटवायचं. धूर एवढा की भाकरी कुठली आणि तवा कुठला ते डोळ्याला दिसत नसे, हाताला कळायचं. पुढे गॅस आला, पण जेवढा धूर आत जायचा तेवढा तोवर गेलेला होता. पोरं कमी झाली, मीही थकले, खाणावळ बंद केली. मग जिना चढताना धाप, मग आंघोळीनंतर धाप, मग नुसतं बोलतानाही. छातीच्या डॉक्टरांनी आजाराचं इंग्रजी अक्षरांचं नाव सांगितलं. ते ऐकून मला कुठलं तरी सरकारी खातंच आठवलं.

डॉक्टर चांगले, पण घाईचे. ते म्हणाले, दिवसाचे सोळा तास मशीन लावायचं. गोळी एकवर. बोटाला लावायच्या चिमट्यात आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव राहिला पाहिजे. त्याच्या खाली गेला तर फोन करायचा आणि वर गेला तरीही करायचा.

“वर गेला तर चांगलंच ना?” आमच्या मालकांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, “नाही. यांच्या बाबतीत नाही. जास्त ऑक्सिजन दिला तर यांचं शरीर श्वास घ्यायला आळस करेल आणि आतला खराब वायू आतच साठेल.”

आम्ही दोघांनी माना हलवल्या. रिक्षात बसल्यावर मी मालकांना विचारलं, “काय म्हणाले हो ते?” ते म्हणाले, “तुला कळलं असं मला वाटलं. तू मान हलवत होतीस.” मी म्हटलं, “तुम्ही हलवलीत म्हणून मी हलवली.” रिक्षावाला आरशातून आमच्याकडं बघत होता.

मला प्रश्न पडला होता तो असा. कोरोनात आख्खं कोल्हापूर डॉक्टर झालं होतं. घरोघरी तो बोटाचा चिमटा आला होता. पंच्याण्णवच्या खाली आकडा आला की पळा, नव्वदला आला की बेड शोधा, हे भाजीवालीसुद्धा सांगायची. ते आमच्या डोक्यात असं ठोकून बसवलं होतं की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगितलं असतं. आणि आता हे डॉक्टर म्हणतात, नव्वद म्हणजे उत्तम. मग तेव्हा शिकवलं ते खोटं, की हे खोटं? पुढच्या खेपेला मी हे सरळ विचारलं. डॉक्टर हसून म्हणाले, दोन्ही खरं. मला तर वाटतं, डॉक्टरांनी ‘तेव्हाचं खोटं’ असं म्हटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं. दोन्ही खरं म्हटल्यावर माणसानं धरायचं काय?

मशीनवाले भाऊ मात्र सावकाश माणूस. कोल्हापुरातच पिढ्यान्पिढ्या राहिलेलं त्यांचं घर. अब्बांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान होतं, मुलगा ऑक्सिजनच्या मशीनवर आला. त्यांनी मला सगळं दाखवलं. बाटलीत उकळून गार केलेलं पाणी किती घालायचं. मागची जाळी कधी धुवायची. गॅस आणि देवापुढचं निरंजन यांच्यापासून नळी लांब का ठेवायची. सगळं झाल्यावर ते समोर मांडी घालून बसले आणि म्हणाले, “आता मी पेशंट, तुम्ही भाऊ. सांगा बघू मला.”

मी धडाधड म्हटलं. गोळी एकवर. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. खाली गेला तर फोन, वर गेला तर फोन. मनानं चावी फिरवायची नाही. त्यांनी तीनदा म्हणून घेतलं आणि तिन्ही वेळा माझं एक अक्षर चुकलं नाही. भाऊ खूश, मी खूश. पाठ झालं म्हणजे कळलं, असं आम्हा दोघांनाही त्या दिवशी वाटलं.

मग बघायला येणारी माणसं सुरू झाली.

आमच्याकडं आजारी माणसाला एकटं पडू देत नाहीत. बरं वाटत नाही असं नुसतं कळायचा अवकाश, माणसं चपला दारात काढून आत. शहाळी, मोसंबी, कुणी अंगारा, कुणी काढा. समोरच्या फ्लॅटमधल्या अक्का तर दिवसातून चार वेळा. त्यांचं माहेर निपाणीकडचं, घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. त्या मला अक्का म्हणतात, मी त्यांना अक्का म्हणते, थोरली कोण ते आम्ही अजून ठरवलेलं नाही. आणि सगळ्यांत जास्त यायचा तो माझा दादा. साखर कारखान्यात उमेदीची वर्षं घालवून निवृत्त झालेला, वारणानगरच्या कॉलनीत राहणारा माझा थोरला भाऊ. एसटीनं यायचा, येताना तुपाची बरणी आणि दुधाच्या पिशव्या. आम्ही दोघंच भावंडं. आई लवकर गेली, त्यामुळं मला त्यानंच अंगाखांद्यावर वाढवलं. मी काही मागितलं आणि दादानं नाही म्हटलं, असं मला आठवत नाही. लहानपणी जत्रेत मी आख्खा पाळणाच घरी न्यायचा म्हणून रडले, तेव्हा तो पाळणेवाल्याशी बोलायला गेला होता.

दादानं पहिल्यांदा माझ्या बोटाचा चिमटा बघितला आणि त्याचा चेहरा उतरला.

“नव्वद? आगं बाय, नव्वदला कोरोनात माणसं हलवत हुती!”

“दादा, मला एवढंच लागतं. डॉक्टरांनी सांगितलंय.”

“कोण डॉक्टर? नव्वद म्हंजे काय आकडा हाय? आणि ही गोळी बघ, तळालाच बसलीया. पाचपर्यंत रेघा हायत की!”

मी त्याला सगळं म्हणून दाखवलं. गोळी एकवर, आकडा अमुक ते तमुक. जास्त झालं तर वाईट. अति तिथं माती, असंही वर म्हटलं.

“ते खाण्याला हाय गं,” दादा म्हणाला. “हवंला कसली माती?”

खरं सांगायचं तर माझ्या मनातही तेच होतं. हवा जास्त झाली म्हणून कोण मेलंय? मी भाऊंचा पाठ म्हटला, आणि दादानं तो पालथ्या घड्यावरच्या पाण्यासारखा जाऊ दिला.

इथून पुढचं मला नीट सांगता येत नाही. जे आठवतं ते माझं आठवणं किती आणि नंतर लोकांनी सांगितलेलं किती, हे मला वेगळं करता आलेलं नाही. सकाळी उठलं की डोकं जड, कुणीतरी कपाळावर पाटा ठेवल्यासारखं. मग चहा. चहाचा कप हातात धरला की हात आपोआप झटका खायचा आणि चहा अंगावर. मालक म्हणायचे, अशक्तपणा आहे, दूध पी. दूध प्यायले की झोप. दुपारी झोप, संध्याकाळी झोप, कुणी बोलायला बसलं तर त्याच्या निम्म्या वाक्यात झोप. एकदा मी मालकांना म्हटलं म्हणे, “भात उतरलाय, पोरांची पानं घ्या.” खाणावळ बंद होऊन किती वर्षं झाली होती. मालक हसले. त्यांना वाटलं, मी चेष्टा करतेय, कारण चेष्टा करायची मला सवयच. आणि एकदा मी दादाला विचारलं की आई अजून बाजारातून आली नाही का. तो हसला नाही. तो उठून गॅलरीत गेला, असं अक्का सांगतात.

पण एक गोष्ट मात्र माझी स्वतःची, पक्की आठवणारी आहे. त्या दिवसांत मला फार बरं वाटत होतं. धाप नव्हती. भीती नव्हती. मशीनची ती घरघर ऐकताना पोटात ऊब यायची आणि वाटायचं, आता काही करायचं उरलेलं नाही, सगळी जेवून गेली, भांडी घासून झाली. इतकं निवांत मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं. मला आजही कुणी विचारलं की तुझ्या आजारपणातले बरे दिवस कुठले, तर माझ्या तोंडून तेच दिवस निघतील. त्या वेळी मी मरत होते, असं डॉक्टर म्हणतात. या दोन गोष्टी मला अजूनही एका ठिकाणी बसवता येत नाहीत.

घरात मात्र आनंद. “निवांत झोपलीया, उठवू नगा,” दादा येणाऱ्या-जाणाऱ्याला ओठांवर बोट ठेवून सांगायचा. आणि चिमट्यात आकडा अठ्ठ्याण्णव! आमच्या गल्लीत अठ्ठ्याण्णव टक्के म्हणजे क्लासच्या दारात फोटोचा फ्लेक्स लागतो. दादानं पेढे आणले. खरंच आणले, वाटले, आणि झोपेत माझ्याही तोंडात एक तुकडा घातला. वर गेला तर फोन करायचा, हे मालकांच्या कानावरून गेलेलं होतं, पण पास झाल्याबद्दल कुणी तक्रारीचा फोन करतं का? मालकांनी नंतर मला हे अगदी याच शब्दांत सांगितलं.

त्याच दिवशी भाऊ मशीनची जाळी बघायला आले. त्यांच्याही हातात पेढा ठेवला गेला. पेढा तसाच हातात धरून ते मशीनपाशी वाकले, आणि गोळी चारच्या आसपास होती.

मग काय झालं ते मालकांकडून ऐकलेलं. भाऊंनी माझा खांदा हलवला. “मावशी, माझ्याकडं बघा. आपला धडा म्हणून दाखवा बघू.” आणि मी डोळे मिटूनच, जड जिभेनं म्हटलं, गोळी एकवर. आकडा अठ्ठ्याऐंशी ते ब्याण्णव. खाली गेला तर फोन, वर गेला तर फोन. मनानं चावी फिरवायची नाही. एक अक्षर चुकलं नाही म्हणे. मालक कौतुकानं भाऊंकडं बघायला लागले. भाऊंनी माझे दोन्ही हात पुढं धरायला लावले, तर पंजे पाखराच्या पंखांसारखे फडफडत होते. त्यांनी गोळी एकवर आणली, डॉक्टरांना फोन लावला आणि मालकांना म्हणाले, “काका, गाडी बोलवा. आत्ता. पेढं नंतर.”

दवाखान्यात माझ्या तोंडावर घट्ट मास्क बांधून दुसऱ्या मशीननं श्वास आत-बाहेर करवला. तिथलं मला काहीच आठवत नाही, फक्त मास्कच्या रबराचा वास आणि कुणीतरी सारखं “जोरात सोडा, जोरात सोडा” म्हणत होतं ते. शुद्धीवर आले तेव्हा पहिल्यांदा जाणवली ती धाप. तीच जुनी, ओळखीची धाप. मला रडू आलं. सगळ्यांना वाटलं, वाचले म्हणून रडतेय. मी त्या निवांतपणासाठी रडत होते, पण हे तेव्हा बोलून दाखवण्यासारखं नव्हतं.

डॉक्टरांनी बाहेर मालकांना आणि दादाला झाडलं. अजून एक-दोन दिवस उशीर झाला असता तर त्या झोपेतून उठल्याच नसत्या, असं ते म्हणाले. दादा तिथं बाकावर बसला तो संध्याकाळपर्यंत उठला नाही.

मी घरी आल्यावर भाऊंनी सगळ्यांना हॉलमध्ये बसवलं. मालक, दादा, अक्का. मी कॉटवर, नाकात नळी. भाऊ एरवी गरीब स्वभावाचे, पण त्या दिवशी त्यांचा आवाज चढलेला होता.

“चावी कुणी फिरवलीसा?”

मशीन घरघरत होतं.

“मी जराशी फिरवली होती,” मालक जमिनीकडं बघत म्हणाले. “एकाचा दीड. जास्त नाही. हिला त्या दिवशी धाप लागली होती.”

“मी बी,” अक्का म्हणाल्या. “चिमटीभर. मीठ घालतो तेवढं. मला काय माहीत काकांनी आधी केलंय?”

दादानं दोन्ही तळवे गुडघ्यांवर ठेवले. “मी आलो की फिरवायचो. दरखेपंला. जाताना.”

जो तो आपापल्या मायेचं थोडंसंच वाढून गेला होता. उतरवायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही, कारण चढवलंय हेच दुसऱ्याला माहीत नव्हतं. भाऊंनी कपाळाला हात लावला. “परेमानं मारालासा की मावशीला,” ते म्हणाले. मला हसू फुटलं आणि हसताना धाप लागली, तेव्हा तिघांचेही डोळे एकदम चावीकडं गेले. मी ते बघितलं.

मग भाऊंनी समजवायला सुरुवात केली. माणसाच्या मेंदूत एक घंटा असते, ती वाजली की आपण श्वास घेतो, मावशींची घंटा आता वेगळ्या तारेवर चालते, असं काहीसं. अक्कांनी विचारलं, मग ती तार दुरुस्त करता येत नाही का? भाऊंनी चुलीचं उदाहरण घेतलं, तर मालक म्हणाले, चुलीला वारा जास्त दिला तर ती चांगली पेटते. दादा कारखान्यातल्या बॉयलरवर आला. भाऊ म्हणाले, न्हाय, तसं न्हाय. दादा म्हणाला, मग कसं? प्रत्येक उदाहरणानं गुंता वाढत गेला. शेवटी भाऊंनी डॉक्टरांचा शब्द जसाच्या तसा सांगितला, तेव्हा मघाशी थोडंफार समजलेलं तेवढंही उडून गेलं, आणि मला वाटतं त्या क्षणी खुद्द भाऊंनाही ते कळेनासं झालं होतं.

त्यांनी उदाहरणं सोडून दिली. मग म्हणाले, “हे बघा. न्हाय समजलं तर न्हाय समजलं. हात लावू नगा. मावशींनी हाता-पाया पडून मागितलं तरी लावू नगा. आकडा बघायचा. अठ्ठ्याऐंशीच्या वर असला, तर ती धाप हवंनं जाणारी न्हाय. फुडं वाकवून बसवायचं, उशीवर हात टेकवायचं आणि चहा गार करताना मारतो तशी फुंकर मारायला लावायची. आकडा खाली आला तर डॉक्टरास्नी फोन, ब्याण्णवच्या वर गेला तरी फोन. बास.”

मग त्यांनी तिघांकडूनही म्हणून घेतलं. दादाला पहिल्या दोन वेळा जमलं नाही.

मी अजूनही त्या दिवसाबद्दल विचार करते. समजलं नाही तरी ऐका, हे शिकवणं झालं का? माझ्या खाणावळीतल्या पोरांना मास्तरांनी असं सांगितलं असतं, तर मी मास्तरांनाच सुनावलं असतं. पण दुसरं काय सांगणार होते ते? मला माहीत नाही. डॉक्टरांनी सांगितलेलं मी दहा वेळा ऐकलंय, परगावी असलेल्या सुनेनं फोनवर चित्रं दाखवलीत, आणि ऐकताना दर वेळी वाटतं, हां, आता कळलं. चित्र बंद झालं की पुन्हा तेच, हवा जास्त झाली म्हणून कोण मेलंय. मी मरणार होते तरीसुद्धा.

दिवाळी होऊन थंडी पडली होती. दादा सकाळच्या एसटीनं आलेला. मालक दळण आणायला गेले. मी आंघोळीला गेले, ऊन ऊन पाणी घेतलं, डोकं धुतलं. तीच चूक झाली. बाहेर येऊन कॉटपर्यंत पोचेतोवर छाती लोखंडाची झाली. दादानं नळी नाकात घातली, मशीन लावलं. तरी श्वास येईना. तोंड उघडं, डोळे बाहेर, खांदे कानांपर्यंत. ज्याला कधी धाप लागली नाही त्याला ती सांगून कळत नाही. विहिरीत पाय निसटल्यासारखं होतं, आणि वर दिसणारं माणूस दोर टाकत नाही.

“दादा,” मी म्हटलं, “वाढव.”

त्यानं माझ्या बोटाला चिमटा लावला. “नव्वद हाय, बाय.”

“वाढव की! एवढंसं!”

“न्हाय.”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. मी चावीकडं हात नेला, तर तो मधे येऊन बसला, मशीनला पाठ लावून. त्यानं माझ्यापुढं स्टूल ओढलं, त्यावर उशी ठेवली, माझे हात धरून उशीवर टेकवले. “फुंकर मार. चहावर मारतीस तशी. मार.”

मी फुंकर नाही मारली. मी त्याला बोलले. श्वास नव्हता तरी शब्द बरोबर निघाले. म्हटलं, तुला मी मरायला पाहिजे व्हय? म्हटलं, आई असती तर तिनं दिली असती. आणि आणखी एक असं बोलले, जे त्याच्या गेलेल्या पोराबद्दलचं होतं आणि जे मी इथं लिहिणार नाही. दादा ऐकत होता. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि ते पुसायलाही त्यानं चावीपुढचा हात काढला नाही. दुसऱ्या हातानं तो माझी पाठ चोळत होता आणि तोंडानं एकसारखी फुंकर मारून दाखवत होता, लहान पोराला शिकवल्यासारखी. फू. फू. नव्वद हाय, बाय. फू.

कधीतरी मीही फुंकर मारायला लागले. राग संपला म्हणून नव्हे, बोलायला श्वास उरला नाही म्हणून. हळूहळू खांदे खाली आले. छातीतलं लोखंड सैल झालं. खिडकीतून रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज पुन्हा ऐकू यायला लागला. मी उशीवर डोकं टेकलं. ओल्या केसांतून पाणी पाठीवर उतरत होतं, दादा उठून टॉवेल आणायला गेला आणि दारातच थांबला.

“बाय,” तो माझ्याकडं पाठ करून म्हणाला, “मला अजून काय बी कळलेलं न्हाय. भाऊ बोललं म्हणून दिलं न्हाय. त्येंचं चुकलेलं असतं तर?”

तेव्हा मला समजलं की माझा श्वास अडकलेला असताना हा माणूस मला वाचवतोय की मारतोय, हे त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. मला तरी कुठं ठाऊक होतं? पण मी म्हटलं, “बरोबर केलंस, दादा.” मघाशी बोलले त्याबद्दल काही म्हणायला तोंड उघडलं, तर त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं.

त्यानं टॉवेल आणला, मागं बसून माझे केस पुसले. बराच वेळ पुसत होता, केस वाळले तरी. मग फार हळू आवाजात म्हणाला, “पुन्ना मागू नगंस, बाय. पुढच्या खेपंला मला जमायचं न्हाय.”